आक्का, तुम्ही मला तीन आठवडे स्टुलावर बसवलात त्याबद्दल

आक्का,

खरं तर हे सगळं बेळगावात, शहापुरातल्या तुमच्या चष्म्याच्या दुकानात येऊन तुमच्यासमोर बसून सांगायचं, पण समोर आलो की तुम्ही "असू दे रे, चहा घे" म्हणून विषय बदलता, दोनदा झालंय असं. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण नीटचा, म्हणजे मेडिकलच्या एन्ट्रन्सचा, निकाल लागला की आमच्या गल्लीतली दोन-तीन पोरं मला येऊन तेच विचारतात जे मी तुम्हाला विचारलं होतं, की मेडिकलसाठी अजून एक वर्ष थांबू की ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायच्या तुमच्या लाईनला जाऊ. दर वेळी मी तुमचंच सांगतो. नाव घालत नाय, तुम्हाला आवडणार नाही माहीत आहे.

तुम्हाला आठवत असेल, २०२२ चा निकाल विसर्जनाच्या दोन दिवस आधी रात्री लागला. माझा दुसरा अटेम्प्ट. पहिल्यांदा ७२० पैकी ३१८, रिपीट करून ४०२. क्वालिफाय झालो होतो, त्यामुळं नातेवाईक फोन करून अभिनंदन करत होते आणि घरात आम्हा तिघांना माहीत होतं की ४०२ ला सरकारी सीट कुठंच लागत नाही. अनंत चतुर्दशीला सगळं बेळगाव रस्त्यावर, कपिलेश्वर तलावाकडं रात्रभर गणपती चाललेले, आणि मी माळ्यावर झोपून होतो. ढोल ऐकू येत होते. तो आवाज मला अजून नको वाटतो.

त्यानंतरचा महिना सल्ल्यांचा. ज्या क्लासला मी रिपीट केलं तिथले सर म्हणाले तिसऱ्यांदा बस, शंभर मार्क वाढतील. त्याच वर्षी वयाची वरची अट निघाली होती, किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही, म्हणजे थांब म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. एक एजंट घरी येऊन जॉर्जिया आणि किर्गिझस्तानचे फोटो दाखवून गेला, परत आल्यावर इथं प्रॅक्टिससाठी वेगळी स्क्रीनिंग परीक्षा पास व्हावी लागते हे त्यानं शेवटपर्यंत काढलं नाही, ते तुमच्याकडनं कळलं. बाबांचा सगळा जीव महाराष्ट्राच्या कोट्यात अडकलेला, आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांसाठी तिकडं मेडिकलला थोड्या जागा असतात ना, त्यासाठी दाखले गोळा करून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. पण जागा अगदी थोड्या, आणि त्यासाठी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्कांची पोरं रांगेत. मॅनेजमेंट कोट्याचा आकडा ऐकून बाबा काहीच बोलले नाहीत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सेकंड शिफ्टला निघून गेले.

आणि अशात आई चष्म्याची दांडी बसवायला तुमच्याकडं आली आणि दांडी बसेपर्यंत तिनं मन मोकळं केलं. तुम्ही तिला म्हणालात, "त्याला उद्या दहाला पाठवून द्या."

मी आलो तो नेटवर वाचून, सगळं पाठ करून. अमेरिकेत ऑप्टोमेट्रीवाले डिग्रीनंतर चार वर्षं शिकतात, नावापुढं डॉक्टर लावतात, औषधं लिहून देतात, एमडी होऊन डोळ्यांचा सर्जन व्हायला त्याहून चार वर्षं रेसिडेन्सी जास्त, असं सगळं मी धडाधडा सांगितलं. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "ते तिकडचं. इथं तू बारावीनंतर बीऑप्टम करशील, तीन वर्षं शिकायचं, एक वर्ष इंटर्नशिप, आणि ऑपरेशन तुझ्या हातात कधीच येणार नाही. नावापुढं डॉक्टर लागणार नाही. माझा पहिला पगार नऊ हजार होता, ते पण लिहून घे." आणि शंभर पानी वही पुढं केलीत. दिवसभर बघायचं, बोलायचं नाही, रात्री घरी जाऊन जे आठवेल ते लिहायचं. कुठली लाईन चांगली ते सांगा म्हणून मी आलो होतो, तुम्ही त्यावर तीन आठवडे एक शब्द बोलला नाहीत.

पहिले चार दिवस मला कंटाळा आला, हे आज कबूल करतो. माणूस येतो, ट्रायल फ्रेम, म्हणजे नंबर तपासायची चौकट, चढते, काचा बदलतात, हे बरं की ते बरं, जातो. मग पाचव्या दिवशी तुम्ही मला रेटिनोस्कोपमधनं बघायला दिलात. अंधार केलेली खोली, समोर बसलेला माणूस, रेषेसारखा उजेड बाहुलीवरनं आडवा फिरवायचा आणि आतनं लालसर उजेड परत येतो, तो आपल्या रेषेबरोबर सरकला तर प्लसची काच, उलटा सरकला तर मायनसची, आणि काचा घालत घालत एका क्षणी तो सरकायचाच थांबतो, सगळी बाहुली एकदम उजळते. मग आपण बसलोय त्या अंतराचा हिशेब वजा केला की नंबर. समोरच्यानं एक शब्द बोलायची गरज नाही. फिजिक्समध्ये लेन्सची गणितं मी हजारदा केली असतील, एन्ट्रन्ससाठी, पण ती कुणाच्या तरी डोळ्याच्या आत खरंच घडत असतात हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

आणि वडगावचे ते मागवाले मामा, विणकर. त्यांच्याबद्दल मी आजवर किती जणांना सांगितलं असेल मोजदाद नाही. साठीच्या पुढचे, महिन्याभरापूर्वीच दुसरीकडनं नवा चष्मा करून आणलेला आणि चष्मा घातला की धागा पुसट दिसतो म्हणून वैतागलेले. पोरगा म्हणत होता मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून टाकूया. तुम्ही पेपर वाचायला दिलात तर मामांनी खाडखाड वाचून दाखवला. नंबर तपासला, बरोबर. मी मनात म्हटलं मग भानगड काय. तुम्ही विचारलंत, "मामा, मागावर बसल्यावर धागा कुठं असतोय, हातानं दाखवा बघू." मामांनी हात पुढं केला, चांगला लांब. तुम्ही ड्रॉवरमधनं शिंप्याची टेप काढून नाकापासनं त्यांच्या बोटापर्यंत मोजलात, ६६ सेंटीमीटर. आधीचा चष्मा पेपरच्या अंतराचा होता, ४० सेंटीमीटरचा, अडीचचा नंबर. मामा पेपर वाचतात दहा मिनिटं, मागावर बसतात दहा तास. तुम्ही दीडची काच घातलीत, तुमच्या साडीच्या काठातला सुटलेला एक धागा त्या अंतरावर धरलात, आणि मामा म्हणाले, "दिसतंय की ओ." एवढंच. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ताण्यातला धागा तुटला की आता पोराला हाक मारावी लागते, सहा महिने झाले.

चाळिशी हा शब्द आपण चष्म्यालाच म्हणतो, घरोघरी असते, आणि ती देणं म्हणजे काय मोठं काम असं मला वाटायचं. त्या रात्री मी वहीत तीन पानं लिहिली.

दुसऱ्या आठवड्यात ती खानापूर साईडची मुलगी आली, सात वर्षांची. शाळेतनं सांगितलेलं की लक्ष देत नाही. तिला मराठी येईना म्हणून तुम्ही बोर्ड उलटून कन्नड अक्षरांची बाजू काढलीत, दोन्ही डोळ्यांनी तिनं खालपर्यंत वाचलं, मग डावा झाकला आणि ती गप्प. सर्वात वरचं अक्षर तेवढं, ६/६०, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरनं दिसतं ते हिला सहावरनं. एका डोळ्याला भरपूर प्लस नंबर, दुसरा चांगला, म्हणून सात वर्षं घरात कुणाला पत्ता नाही, आणि मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून दिलेलं. आळशी डोळा. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज थोडे तास पट्टी, आणि हे लहानपणीच करायचं, वय वाढेल तसं हातातनं निसटत जातं. तिची आई पट्टी बघून रडायला लागली, लोक काय म्हणतील, पोरीला कुणी नाव ठेवलं तर. तुम्ही तिच्याशी कन्नडमध्ये अर्धा तास बोलत बसलात आणि बाहेर सात माणसं थांबलेली. मला सगळं कळलं नाही पण शेवटी त्या बाईनं स्वतःच्या हातानं पट्टी लावली.

आणि मग तो शनिवार. भाजी मार्केटमध्ये काम करणारे एक गृहस्थ, चष्मा लागलाय वाटतं म्हणून आले. बोलता बोलता म्हणाले की दोन दिवस डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके उडतात, आणि सकाळपासनं एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटतंय. तुम्ही हातातली ट्रायल फ्रेम खाली ठेवलीत. नंबर तपासलाच नाहीत. दोन-तीन प्रश्न, डोळ्याची तपासणी, लगेच हॉस्पिटलला फोन, चिठ्ठी, आणि त्यांच्या भावाला बोलावून घेतलंत, आत्ता, आजच, जेवायला पण घरी जायचं नाही. डोळ्याचा आतला पडदा, रेटिना, सुटत होता. पंधरा मिनिटांत ते रिक्षात बसून गेले आणि तुम्ही पुढच्या माणसाला हाक मारलीत.

मी न बोलायचा नियम मोडून विचारलं होतं, आक्का, आता पुढचं सगळं तिकडंच, तुम्हाला काही वाटत नाही? तुम्ही म्हणालात, "माझं काम इथं संपलं. वेळेत संपलं हे महत्त्वाचं. मला चालतंय हे. तुला चालेल का, ते मला कसं कळणार?"

तुम्ही मला त्या डोळ्यांच्या सर्जन मॅडमकडं पाठवलंत ते पण विसरलो नाही. त्यांनी ओपीडीच्या मधल्या वेळात चाळीस मिनिटं दिली. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजी, सीट मिळाली तर तीन वर्षं एमएस, आणि एमबीबीएसमध्ये डोळ्यांचं पोस्टिंग थोड्या आठवड्यांचं, बाकी बाळंतपण, विष प्यालेले, जळालेले, पोस्टमॉर्टेम, सगळं. त्या म्हणाल्या मला ते सगळं हवं होतं, रात्री तीनला उठून जायला पण आवडायचं, आणि पहिल्यांदा मोतीबिंदू काढून पट्टी सोडली तो दिवस कशाशी बदलणार नाही. त्यांनी पण मला ढकललं नाही, ना इकडं ना तिकडं. त्यांचे डोळे सांगताना चमकत होते आणि ते बघून मी घरी येताना बसमध्ये पुन्हा तिसऱ्या अटेम्प्टचा विचार करायला लागलो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तुम्ही वही मागून घेतलीत. सगळी वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवून, मध्ये चहा गार झाला. मग दोन पानं उघडून माझ्यासमोर ठेवलीत. "मागवाल्या मामांवर तू तीन पानं लिहिलास. अंतर लिहिलास, त्यांचा हात कसा होता ते पण लिहिलास. पडद्यावाल्यावर एक ओळ." मी वाचली. 'पुढं काय झालं कळलं नाही.' मला वाटलं आता तुम्ही म्हणणार, बघ, तुझा कल कळला, जा ऑप्टोमेट्रीला. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. त्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणालात, "ही पण बघ नीट. तू इकडं आलास तर ही ओळ तुला कायम लिहावी लागणार. आठवड्याला एकदा तरी. ती लिहून रात्री झोप लागत असेल तरच ये."

आक्का, मला आजवर मेडिकल चांगलं म्हणणारे भेटले, ऑप्टोमेट्रीला पण भविष्य आहे म्हणणारे भेटले, आमच्यासारख्या डॉक्टर नसलेल्या आरोग्यातल्या लोकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानंतर आमचं कौन्सिल, रजिस्ट्रेशन सगळं येणार, ते चांगलंच आहे. पण ज्या रस्त्यावर तुम्ही स्वतः वीस वर्षं आहात त्या रस्त्यावर नेमकं काय मिळणार नाही हे बोट ठेवून दाखवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. मी चार रात्री विचार केला. मग बाबांना सांगितलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत, दाखल्यांची पिशवी त्यांनी वर्षभर टाकली नव्हती, आणि मी त्यांना दोष देत नाही. बेंगळूरला फी भरायला मात्र स्वतः आले, रात्रीच्या ट्रेननं, डबा घेऊन.

आता इंटर्नशिप चालू आहे. मागच्या महिन्यात माझ्यासमोर पहिल्यांदा एक काचबिंदूची शंका असलेली बाई बसली, डोळ्यातलं प्रेशर जास्त, मी चिठ्ठी लिहिली, पुढं पाठवली. रात्री वहीत ती ओळ लिहिली. झोपायला जरा उशीर झाला, पण लागली झोप. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन विचारलं काय झालं, त्यांनी सांगितलं, ते पण खाली लिहून ठेवलं. हे तुम्ही शिकवलं नव्हतं, हे माझं मी सुरू केलंय, बघा बरोबर आहे का.

आईचा नंबर मीच काढला यावेळी. ती घरी ब्लाऊज शिवते, मशीनच्या सुईचं अंतर मोजून घेतलं.

येत्या दिवाळीला घरी येतोय, पाडव्यानंतर दुकानात येईन. आणि एक सांगायचं राहिलं, त्या शेवटच्या दिवशी वहीत तुमची ती शिंप्याची टेप अडकून माझ्याबरोबर आली होती. तुम्ही शोधली असाल. तुम्हाला नवी घेऊन येतो, जुनी माझ्याकडंच राहू दे.

तुमचा,
स्टुलावरचा पोरगा