आमच्या आशाताईंना, म्हणजे आमच्या भागात घरोघरी येणाऱ्या आशा (आरोग्य) स्वयंसेविकेला

ताई, नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांपुढे लिहिते आहे. नागपुरात आज रात्रीही कुठेतरी एखादी नवी आई दोन वाजता लेकरू मांडीवर घेऊन बसलेली असेल. तुम्ही मला सांगितलंत ते तिच्याही कानावर जावं, एवढंच.

लेक झाली ती मे महिन्यात. पारा 45 अंशांना टेकलेला, मानेवाड्यातल्या त्या खोलीत कूलर घरघरतोय आणि बाळ दिवसभर गाढ झोपून रात्री टक्क जागं. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे दूध पुरत नसेल. हे दुसरं आईच्या फार जिव्हारी लागतं.

तुम्ही आलात, वजन केलंत, दिवसात किती लंगोट ओले होतात ते विचारलंत आणि सासूबाईंच्या देखत म्हणालात, "वजन मस्त वाढून राहिलं, दूध पुरते. लेकराले अजून दिवस-रात्र समजत नाही. दोन-तीन महिने लागतेच." त्या दिवशी माझ्या छातीवरचा दगड उतरला.

त्याच दुपारची एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. बाळ झोपेत कण्हलं, पापण्या फडफडल्या, तोंड वेडंवाकडं झालं. मी उचलायला वाकले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांबा जरा. झोपेतच आहे ते." आपण दोघी नुसत्या बघत राहिलो. बाळाने मान वळवली, मूठ तोंडाशी नेली आणि पुन्हा शांत झोपलं. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. भूक लागली तर ते रडेलच, तेव्हा लगेच घ्या, हेही तुम्ही आवर्जून बजावलंत.

मग आमचा दिवसच बदलला. सकाळी पडदे उघडे, दुपारी बाळ झोपलंय म्हणून कुकरची शिट्टी दाबायची नाही. संध्याकाळी अंग पुसणं, सुती झबलं, दूध, अंगाई, रोज याच क्रमाने. रात्रीचं पाजणं मंद उजेडात, गप्पा न मारता, मोबाइल लांब ठेवून. डोळे जड झाले की पूर्ण झोपायच्या आधीच अंथरुणावर ठेवायचं, हे पुढे बाळ थोडं मोठं झाल्यावर जमलं, आणि जमायला वेळ लागला.

काही गोष्टी सांगणं अवघड होतं, ते तुम्ही केलंत. डोकं गोल व्हावं म्हणून आईंनी हौसेने शिवलेली राईची उशी तुम्ही काढायला लावलीत. पाठीवरच निजवा, सपाट गादीवर, तोंडाजवळ दुपटं-उशी काही नको. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि एवढ्या उन्हात टोपडंही नको. झोप लागावी म्हणून उगाळायला काढलेलं जायफळ तर तुम्ही हातातून घेतलंत. सहा महिने फक्त आईचं दूध, नागपूरच्या उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. आईंचा मान न दुखावता हे सांगणं कोणालाही जमत नाही.

बाळंतपणानंतर 42 दिवसांत तुम्ही सहा भेटी द्यायच्या असतात, हे मला नंतर कळलं. कामाच्या हिशेबाने मिळणारा तुमचा मोबदला किती तुटपुंजा असतो, तेही कळलं. त्या भर दुपारच्या उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळून तुम्ही जिने चढत होतात. तुमच्या कामाला पगाराचा आणि मानाचा आधार मिळायलाच हवा, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

लेक आता दीड वर्षाची आहे. दुपारची डुलकी धरून बारा तास झोपते. आजारपणात, दात येताना घडी विस्कटते, मग आठवडाभरात पुन्हा बसते.

माझ्या जावेची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तिला जायफळाचं आईंनीच समजावलं, तुमचं नाव घेऊन. ताई, तुमचे मनापासून आभार.

तुमची,
मानेवाड्यातली एक आई