चित्राखाली नुसतं साल नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जर्मन चित्रकार ड्युररचा गेंडा छापलात, चांगला मोठा छापलात त्याबद्दल आभार, पण खाली फक्त चित्रकाराचं नाव आणि १५१५ एवढंच होतं. माझं म्हणणं असं की परमुलखातून जहाजाने आणलेल्या प्राण्यांची जुनी चित्रं छापता तेव्हा चित्रकारासमोर नेमकं काय होतं, जिवंत जनावर, कातडं की नुसती ऐकीव माहिती, हे दोन ओळीत तरी सांगायलाच हवं.

ड्युररने तो गेंडा कधी पाहिलाच नव्हता. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला हा गेंडा गोव्याहून निघून मे १५१५ मध्ये लिस्बनला पोचला, तिथून आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन ड्युररच्या हाती लागलं आणि त्यावरून त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढलं. म्हणून तर अंगावर चिलखताचे पत्रे दिसतात, पायांवर खवले, आणि नीट बघा, मानेच्या मागे खांद्यावर एक छोटं पिळाचं शिंग आहे जे कुठल्याच गेंड्याला नसतं! ठशाच्या प्रती एवढ्या खपल्या की पुढे दोनेकशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच. खरा गेंडा मात्र पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासोबत बुडाला, हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

इंग्रज चित्रकार स्टब्सचा १७७२ चा कांगारूही तसाच, कॅप्टन कुकच्या सफरीतून निसर्गशास्त्रज्ञ बँक्सने आणलेल्या कातड्यावरून काढलेला. याउलट पिएत्रो लोंगीने १७५१ मध्ये व्हेनिसमध्ये रंगवलेली क्लारा, म्हणजे डच कॅप्टनने बंगालमधून नेऊन गावोगाव दाखवलेली गेंड्याची मादी, ती त्याने समोर बघून काढली. तिच्या नाकावर शिंगच नाही आणि शेजारचा माणूस ते गळालेलं शिंग हातात उंच धरून उभा आहे, खाली ती गवत खातेय, पुढे शेणसुद्धा पडलंय. बघितल्याशिवाय असं कोण काढेल?

आणि आपल्याकडच्या चित्रकारांचं तर नावच गाळलं जातं, हे जास्त खटकतं. कलकत्त्यात १७७७ ते १७८२ च्या दरम्यान लेडी इम्पेने, म्हणजे तिथल्या इंग्रज सरन्यायाधीशाच्या बायकोने, पाळलेल्या पशुपक्ष्यांची ३०० हून जास्त चित्रं शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या तिघांनी केली, पिसागणिक निरखून, तरी छापताना बऱ्याचदा 'इम्पे संग्रह' एवढंच येतं. कित्येक चित्रांवर त्यांची नावं लिहिलेली आहेत, ती तशीच उतरवून घ्यायचीत. पुढच्या वेळी त्यांचं एखादं चित्र छापाल तेव्हा नाव मोठ्या अक्षरात द्या ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक