माइक मी ओढून घेतला, त्याबद्दल

डोंबिवली, शुक्रवार रात्र

चि. चिऊ,

बाबा उद्या मांडवी एक्स्प्रेसने चिपळूणला आजीकडे येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र देतेय. फोनवर बोलायला गेले की दोन मिनिटांत माझा वर्गातला आवाज लागतो आणि तू नुसतं ‘हं, हं’ करायला लागतेस. कागदावर निदान मला खोडता येतं. (दोनदा खोडलंय.)

आपल्या मंडळाने दहावीच्या मुलांचा सत्कार केला, त्याबद्दल लिहायचंय. तुला वाटत असेल आई विसरली. शाल, श्रीफळ, पेनाचा डबा सगळं अजून सोफ्यावर तसंच पडलंय, मी उचललेलं नाही. त्या निवेदिकेने एकेकाला माइक देऊन तोच प्रश्न विचारला, ‘मोठेपणी कोण व्हायचंय?’ पहिल्याने ‘आयआयटी’ म्हटलं, टाळ्या. दुसरीने ‘नीट’, टाळ्या. तिसरा ‘यूपीएससी’ म्हणाला तेव्हा तर पुढच्या रांगेतल्या काकांनी शिट्टी मारली. मग तू. तू म्हणालीस, ‘अजून ठरलं नाहीये, पण मला...’ आणि मी पायरी चढून आले, माइक माझ्याकडे ओढला आणि हसत हसत म्हटलं, ‘लाजतेय हो ती, तिला डॉक्टर व्हायचंय.’

टाळ्या पडल्या. रिक्षात तू बाहेर बघत बसलीस.

चिऊ, मी चोवीस वर्षं गणित शिकवतेय आणि दर जूनमध्ये आठवीच्या वर्गात हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेते. चिठ्ठ्या मी टाकत नाही, माळ्यावर बुटांच्या खोक्यांत आहेत. तू गेल्यावर सगळी खोकी खाली काढली. तीन रात्री वाचतेय, बाबा म्हणाले आता पुरे.

वर्गातली पहिली पाच-सहा मुलं घे. सुरुवातीच्या खोक्यात ‘डॉक्टर’ आणि ‘कॉम्प्युटर इंजिनीअर’, दुसरं फार काही नाही. २००३ च्या जूनमध्ये अख्ख्या वर्गात मिळून एकदम सात मुलींनी ‘अंतराळवीर’ लिहिलंय, कारण फेब्रुवारीत कोलंबिया यान कोसळून कल्पना चावला गेली होती आणि महिनाभर सगळ्या पेपरांत तिचा फोटो होता. ज्या यानात बाई जळून गेली त्याच यानात आपल्याला बसायचंय असं सात मुलींना वाटलं, ह्याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. २०२० च्या चिठ्ठ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या, सगळीकडे ‘डॉक्टर’, आणि निम्म्या तर आयांनीच टाइप केलेल्या असणार, मुलं इतकं शुद्ध लिहीत नाहीत. चांद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलं, तर पुढच्या जूनला ‘इस्रो’.

आणि अलीकडच्या खोक्यांत एक गोष्ट मला आधी दिसलीच नव्हती. हुशार मुलं हल्ली काम लिहीतच नाहीत, परीक्षा लिहितात. ‘नीट’. ‘जेईई’. ‘यूपीएससी’. कुणाचा ताप उतरवायचाय, कुठला पूल बांधायचाय, कुठल्या जिल्ह्यात पाणी पोचवायचंय, काही नाही. पुढचा पेपर कोणता, तेवढंच. त्यात त्यांची तरी काय चूक? त्यांना जे उत्तम जमतं म्हणून आपण पाचवीच्या स्कॉलरशिपपासून पेढे वाटत आलो, ते परीक्षा देणंच आहे. नीटला वीस लाखांहून जास्त मुलं बसतात. त्यातल्या किती जणांनी रक्त बघितलंय कुणास ठाऊक. तू तर लस टोचायला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात दुखतं म्हणायचीस, आणि तुला डॉक्टर करायला निघाले मी.

शिवाय हुशार मूल समोरच्याला काय ऐकायचंय हे चटकन ओळखतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या मनातलं ओळखायची त्याला सवयच असते. उलट मठ्ठ म्हणून मागे बसवलेली मुलं चिठ्ठीत खरं लिहितात. ‘जेसीबी चालवणार’. ‘मामाच्या केटरिंगमध्ये जाणार’. एका खोक्यात ‘घड्याळजी’ अशी चिठ्ठी आहे. तो मुलगा मात्र मागच्या बाकावरचा नव्हता, वर्गात दुसरा यायचा. मी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली, वर्ग हसला, आणि मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्याने नवी चिठ्ठी आणून दिली, ‘इंजिनीअर’. दोन्ही एकाच टाचणीला लावलेल्या आहेत. लावल्या मीच असणार, पण का ते आठवत नाही.

माझंही सांगते. मी नववीत असताना जयंत नारळीकरांचं व्याख्यान ऐकायला आम्हाला शाळेने नेलं होतं. नंतर मुलं सह्यांसाठी वह्या घेऊन धावली. ते सही देत नसत. म्हणायचे, पोस्टकार्डवर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन, त्याखाली सही असेल. मी दुसऱ्याच दिवशी कार्ड आणलं. पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. आणि मागची बाजू कोरी घेऊन आठवडाभर बसले. मी वर्गात पहिली यायचे, मला उत्तरं यायची. विचारण्यासारखं काही सुचेना! कार्ड शेवटी आजीने नळाच्या तक्रारीसाठी वापरलं, वरचा पत्ता खोडून.

तुझं तसं नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. पाचवीत असताना स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या होतो, समोरच्या रिक्षाचा नंबर ३५२४. मी तुला बिलाच्या मागे गणितज्ञ कापरेकरांची गंमत करून दाखवली. आकडे उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजा कर. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ ला पुन्हा तेच केलं तरी ६१७४ च. चारही आकडे सारखे नसले तर कुठलाही नंबर घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथेच येतो. तू घरापर्यंत नंबर बघत आलीस आणि जिन्यात विचारलंस, ‘पण तो तिथेच का थांबतो?’ मी काय म्हणाले आठवतंय? ‘थांबतो बाई, चप्पल काढ.’

ते दत्तात्रय कापरेकर डहाणूचे. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ ला त्यांना गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं, म्हणजे हुशारीबद्दल कुणाला शंका नको. आणि नोकरी? १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. ६१७४ ची गंमत त्यांनी १९४९ ला मांडली, आणि १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हा माणूस कळला. तोवर रिटायर होऊन तेरा वर्षं झाली होती. १, १२१, १२३२१ ह्या आकड्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं, कारण ज्या स्टेशनावर ते सुचलं त्याचं नाव डेमलो, म्हणजे हे आपलं डोंबिवली. मंडळाच्या स्टेजवर त्यांना माइक दिला असता आणि ते ‘मास्तर’ म्हणाले असते, तर टाळ्या किती पडल्या असत्या? मी स्वतः मास्तरीण आहे आणि मीसुद्धा माइक ओढला, म्हणून विचारतेय.

तिथे आजीला एक गोष्ट विचारून बघ, तिला कोण व्हायचं होतं. ती सातवीच्या फायनलला केंद्रात पहिली आली होती. तिच्या मागे दुसरा आलेला मुलगा पुढे शिकायला रत्नागिरीला गेला. ‘तुला कोण व्हायचं होतं गं?’ असं मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘मला कुणी विचारलंच नाही.’ आणि भिशीचा हिशोब तोंडी करत राहिली. बी.एड.ला आम्हाला टर्मन नावाचा मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होता, कॅलिफोर्नियात १९२१ ला दीड हजार बुद्धिमान मुलं निवडून आयुष्यभर त्यांच्या मागावर राहिलेला. निवडलेल्यांत एकालाही नोबेल नाही, आणि चाचणीत कमी पडले म्हणून वगळलेल्या दोन पोरांना, शॉकली आणि अल्वारेझ, दोघांनाही मिळालं. हे परीक्षेत मी लिहिलंय, पाच मार्कांना. त्याच अभ्यासातल्या बऱ्याच मुली पुढे घर सांभाळत बसल्या, ते मात्र लिहिलं नव्हतं. आजी कधीच डोळ्यांपुढे आली नाही तेव्हा.

तर अकरावीचा फॉर्म. दहा कॉलेजं भरता येतात, मी सायन्सची दहा भरून ठेवली होती, तीही नीटच्या क्लासशी साटंलोटं असलेली. काल रात्री सगळी काढून टाकली. फॉर्म रिकामा आहे, पासवर्ड तुला माहीत आहे. सोमवारपर्यंत मुदत आहे, तेवढी मात्र पाळ, त्यात माझा सैलपणा नाही. ‘पण मला...’ च्या पुढे काय होतं ते मी विचारत नाहीये. सांगावंसं वाटलं तर आजीला सांग आधी.

बाबांबरोबर आंब्याची रिकामी पेटी परत पाठव, खोकी ठेवायला हवीय.

आणि हो. आज क्लासहून येताना रिक्षाचा नंबर २१११ होता. तुझ्यासारखंच वजा करत बसले. २१११ वजा १११२, ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य! म्हटलं, कापरेकर चुकले की काय. गोपी टॉकीजपर्यंत तसंच वाटत राहिलं, मग लक्षात आलं की मी पुढचं शून्य गाळलंय, ते ०९९९ आहे. चोवीस वर्षं गणित शिकवतेय. मग नीट आलं, पण एकूण पायऱ्या किती लागल्या ते सांगत नाही, तू करून बघ.

तुझी,
आई