बिघडवण्यातला खारीचा वाटा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातला वाचकांच्या पत्रांचा कॉलम मी बरीच वर्षं वाचतेय आणि अधूनमधून लिहितेही. परवा कपाट आवरताना माझीच छापून आलेली जुनी कात्रणं सापडली, एकूण नऊ. कचरा, ट्रॅफिक, गोंगाट, वाढती उष्णता, खोट्या बातम्या, सगळे विषय त्यात आहेत आणि नऊच्या नऊ पत्रांत दोष दुसऱ्याचा आहे, कुठे सरकारचा, कुठे कंपन्यांचा, कुठे हल्लीच्या पिढीचा आणि कुठे नुसताच "लोकांचा". त्या लोकांमध्ये मी कुठेच नाहीये. वाचून मला खरंच वाईट वाटलं. तक्रारी काही खोट्या नव्हत्या, पण ज्या प्रश्नावर मी इतक्या तावातावाने लिहीत होते त्यात माझा स्वतःचा हात किती, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. म्हणून हे दहावं पत्र.

आपल्याकडे खारीचा वाटा म्हणायची किती छान पद्धत आहे. चांगल्या कामाला जराशी मदत केली की आपण ते मनापासून म्हणतो, चिमूटभर वाळू का होईना मी नेऊन टाकली. पण तेच बिघडवण्याचं काम असलं की लगेच "माझ्या एकटीने काय होणारे?" म्हणजे चांगलं करताना चिमूट मोलाची आणि वाईट करताना तीच चिमूट शून्य. असं कसं चालेल? वाळू तीच आहे ना.

१९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोच्या जोड्यांना वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोड्यांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात नवल वाटायचं कारण नाही, वडिलांच्या आजारपणात मला आणि माझ्या बहिणीला दोघींनाही आपापल्या मनात अगदी खात्री होती की जास्त मीच केलं, आणि त्यावरून आमच्यात वर्षभर अबोला होता. पण त्या अभ्यासात एक गोष्ट अशी आहे की जी माझ्या डोक्यातून जात नाही. भांडणं कोण सुरू करतं असल्या वाईट गोष्टींतही माणसं स्वतःचा वाटा जास्तच धरत होती, कामांइतका नाही पण जास्तच. म्हणजे हा नुसता मोठेपणा मिरवायचा प्रकार नाहीये. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आठवत नाही, आणि जे आठवतं तेच आपण मोजतो. मग जे आपण केलं पण त्याचा परिणाम डोळ्यासमोर आलाच नाही, लांब कुठेतरी झाला, उशिरा झाला, त्याचं काय? ते हिशोबात येतच नाही.

हे मला माझ्याच वहीवरून कळलं. कात्रणं वाचल्यावर मी चार आठवडे रोज रात्री लिहायचं ठरवलं की आज माझ्यामुळे काय बिघडलं असेल. पहिल्या आठवड्यात सगळ्या नोंदी प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या आणि उगीच चालू राहिलेल्या दिव्यांच्या, कारण तेच दिसतं. मग मी जरा वाचायला लागले. सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस यांचा २०१७ चा एक अभ्यास आहे, माणसाने कुठली सवय बदलली तर वर्षाला किती कार्बन वाचतो याचा. श्रीमंत देशांतल्या राहणीमानावर बेतलेले आकडे आहेत, पण प्रमाण बघा. कार सोडली तर सुमारे २.४ टन. अटलांटिक महासागरापलीकडे जाऊन यायची एक विमानाची फेरी टाळली तर १.६ टन. आणि कचरा वेगळा करून रिसायकलला देणं, जे मी निष्ठेने करते आणि ज्यावर मी दोन पत्रं लिहिलीत, ते ०.२ टनाच्या आसपास. म्हणजे अशी एक फेरी केली की सात-आठ वर्षांचं रिसायकलिंग त्यात गेलं.

मी गेल्या वर्षी अशा दोन लांबच्या फेऱ्या केल्या. एकदा मुलाकडे, त्याला तीन वर्षं बघितलं नव्हतं. दुसऱ्यांदा निव्वळ फिरायला. त्या वहीत विमानाची एकही नोंद नव्हती कारण त्या चार आठवड्यांत मी कुठे गेलेच नव्हते, आणि खरं सांगायचं तर वर्षभराची वही ठेवली असती तरी मी ते "प्रवास" म्हणून लिहिलं असतं, "बिघडवलं" म्हणून नाही.

बरं, विमानाने सगळेच जातात असं मला वाटायचं. माझ्या ओळखीतले जवळपास सगळे जातात. पण २०१८ साली अख्ख्या जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला असा एक अंदाज आहे, आणि त्यात देशाबाहेर उडालेले फार तर ४ टक्के. मी स्वतःला आयुष्यभर सामान्य माणूस म्हणत आले, प्रत्येक पत्राखाली "एक सामान्य नागरिक" अशी सही करत आले. या बाबतीत मी सामान्य नाहीये, मी त्या चार टक्क्यांतली आहे. हा आकडा वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

पिशव्यांचंही तेच. ब्रिटनच्या पर्यावरण एजन्सीने २०११ मध्ये हिशोब मांडला होता की फक्त तापमानवाढीपुरतं बघितलं तर सुती पिशवी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला किमान १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. प्लॅस्टिक समुद्रात जातं, प्राण्यांच्या पोटात जातं, तो भाग वेगळा आणि तो काही कमी महत्त्वाचा नाही. पण माझ्या घरात अकरा सुती पिशव्या निघाल्या, आणि वापरात दोन.

आता याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायला हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं छाती बडवणं होईल. स्वतःचा वाटा फुगवून सांगणं हासुद्धा खोटा हिशोबच. "सगळ्याला आपणच जबाबदार" असं म्हणून मोकळं झालं की ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात सगळेच येतात म्हणून नेमकं कोणीच सापडत नाही. प्रत्येकाने आपापला कार्बन मोजावा ही कल्पना घराघरांत पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता, २००४ साली त्यांनी लोकांसाठी त्याचा कॅल्क्युलेटरच काढला. तेल काढून विकणारे ते आणि वही घेऊन बसणार आम्ही. आणि २०२० आठवा. जगभर माणसं घरात बसली, विमानं जमिनीवर, रस्ते मोकळे, तरी त्या वर्षी जगाचं कार्बन उत्सर्जन साधारण ५ ते ६ टक्केच घटलं. बाकीचं सगळं वीज केंद्रांत, पोलाद आणि सिमेंटच्या कारखान्यांत चालूच होतं. ते माझ्या वहीने थांबणार नाही, त्याला कायदे लागतात, सरकारं लागतात, आणि त्यासाठी आपण ओरडत राहिलंच पाहिजे, माझ्या जुन्या नऊ पत्रांतल्या त्या भागाबद्दल मला अजिबात खेद नाही.

पण मग स्वतःचं मोजायचं कशाला? मला वाटतं ओझोनच्या गोष्टीत याचं उत्तर आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की स्प्रेच्या डब्यांतला आणि फ्रिजमधला वायू वरचा ओझोनचा थर खातोय. अमेरिकेत अशा स्प्रेंवर बंदी आली १९७८ मध्ये, पण त्याच्या आधीच कितीतरी लोकांनी तसले स्प्रे घेणं बंद केलं होतं. मग असे वायू जगभर बंद करत नेण्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि आज तो थर हळूहळू भरून येतोय. एका डब्याने आकाशाला भोक पडत नाही हे त्या लोकांनाही कळत होतंच की. तरी त्यांनी आपला डबा मोजला, आणि नियमही मागितले. मोजणं आणि मागणं हे एकमेकांच्या आड आलं नाही.

शेवटची नोंद लिहायला मला सगळ्यात जड जातंय. खोट्या बातम्यांवरचं माझं पत्र तुम्ही छापलं होतंत, त्यात मी म्हटलं होतं की हे सगळं पैसे घेऊन काम करणारे लोक पसरवतात. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या, त्यात खोटी बातमी खरीपेक्षा लांब आणि जास्त वेगाने जाते असं दिसलं, आणि तो वेग आपोआप चालणाऱ्या यांत्रिक खात्यांमुळे नव्हता, साध्या माणसांमुळे होता. त्यातलीच मी एक. माझं ते पत्र छापून यायच्या दोन महिने आधी मी काही माणसांवर गंभीर आरोप करणारा एक व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो जुना होता, दुसऱ्याच देशातला होता, आणि त्यात दाखवलेल्या गोष्टीशी त्या माणसांचा काही संबंध नव्हता. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी तो गुपचूप डिलीट केला आणि कोणाला काही बोलले नाही, तोवर निदान चौघांनी तो पुढे पाठवला होता.

गेल्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं की तो व्हिडिओ खोटा होता, तो मी टाकला होता, ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी कृपा करून तिकडेही कळवा. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग बहिणीचा फोन आला, तिने तो दोन ग्रुपवर पाठवला होता, दोन्हीकडे ती कळवणार आहे. उरलेल्या तिघांचं मला माहीत नाही.

पत्र लांबलंय. जागेअभावी कापावं लागलं तर आकडे काढा, पण विमानाचं आणि व्हिडिओचं तेवढं राहू द्या, ही विनंती.

आपली,
एक वाचक