छोटीच्या फॉर्मबद्दल

पुणे, रविवार रात्री

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर छोटीच्या इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनचा विषय काढला की बाबा, तुम्ही नुसतं "हं, हं" करता, आणि आई, तू मधेच "जेवलीस का" विचारतेस. म्हणून लिहायला बसले. दादा-वहिनी तिकडे बदलीच्या गावी, त्यांची छोटी तुमच्यापाशी, त्यामुळे तिच्या अॅडमिशनचं सगळं ओझं तुमच्यावर आलंय, हे मला कळतं.

छोटीने तुमच्या तक्त्याचा फोटो पाठवला. जुन्या रिझर्व्हेशन चार्टच्या पाठकोऱ्या कागदावर पट्टीने आखलेल्या रेघा, लाल-निळी शाई. कॉलेज, ब्रँच, मागच्या वर्षीचं कटऑफ, फी, मिरजेपासूनचं अंतर. आमच्या ऑफिसात इतकं स्वच्छ काम कुणी करत नाही.

एक गोष्ट आधी सांगते. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' नावाची ब्रँच शोधत बसू नका. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत त्या नावाचा एखादा पेपर असतो, तेवढंच. हे नाव रूढ झालं १९६८ साली जर्मनीत गार्मिशला भरलेल्या नाटोच्या परिषदेपासून. मोठे प्रोग्रॅम वेळेत पुरे होईनात, खर्च आवरेना, आणि चालू झाले तरी चुकत. तेव्हा पूल जसे हिशेबाने बांधतात तसे प्रोग्रॅम का बांधू नयेत, असा तो विचार. पदवी घ्यायची ती कॉम्प्युटरची नाहीतर आयटीची. या दोन्हींत शेजारचे काका सांगतात तेवढा फरक नाही. मी मुलाखती घेते तेव्हा दोन्हीकडची मुलं एकाच रांगेत बसलेली असतात.

आता तुमचा खरा प्रश्न. "तीन महिन्यांच्या क्लासमध्येही कोडिंग शिकवतात, मग चार वर्षं कशाला?" बाबा, याचं उत्तर तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या मिरजेच्या कोट्याचं ते जाड रजिस्टर आठवा. शाळा सुटली की मी स्टेशनात तुमच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे स्टुलावर बसायची. तुमच्या बर्थना दुसरं कुणी हात लावायचं नाही, म्हणून गोंधळ नव्हता. पण त्याची किंमतही होती. दुसऱ्या स्टेशनच्या कोट्यात बर्थ रिकामे आणि मिरजेत माणसं वेटिंगवर. पुढे १९८५ ला दिल्लीत कॉम्प्युटरवरचं आरक्षण सुरू झालं, मग ते हळूहळू सगळीकडे पोचलं, आणि सगळ्या खिडक्यांची यादी एक झाली. ट्रेनिंगहून परत आल्यावर तुम्ही जेवताना म्हणाला होतात, "मुंबईच्या आणि आपल्या खिडकीवर एकाच क्षणी एकच बर्थ मागितला, तर तो दोघांना कसा जात नाही?"

तो प्रश्न म्हणजेच ही पदवी. आधी आलेला त्या बर्थला कुलूप घालतो, दुसरा तेवढा वेळ थांबतो, आणि मधेच वीज गेली तर एकतर पूर्ण तिकीट निघतं नाहीतर काहीच नाही, अर्धं कधीच नाही. क्लासमध्ये तिकिटाचा सुरेख दिसणारा पडदा करायला शिकवतात. पडद्यामागचं कुलूप ऑपरेटिंग सिस्टिम (कॉम्प्युटरची कामं वाटून देणारा मूळ प्रोग्रॅम) आणि डेटाबेस (नोंदींचा साठा) यांच्या पेपरांत असतं. माझ्यासमोर मुलाखतीला येणारी कितीतरी मुलं पडदा झकास करतात, आणि "दोन जणांनी एकदम बटण दाबलं तर?" म्हटलं की खिडकीबाहेर बघतात.

म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना आखा: अभ्यासक्रम. कॉलेजांच्या साइटवर तो मिळतो, छोटी उतरवून घेईल. डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स हे पाच विषय आहेत का आणि त्यांना प्रॅक्टिकलचे तास किती, एवढंच बघा. काकांनी सुचवलेल्या पुण्याच्या नव्या कॉलेजच्या ब्रँचच्या नावात एआयही आहे आणि डेटा सायन्सही. मी तो अभ्यासक्रम वाचला. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क्स मिळून एकच पेपर. शिवाय एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता कॉलेजला नव्हे, एकेका ब्रँचला मिळते, आणि निदान दोन बॅचेस बाहेर पडल्याशिवाय मिळत नाही. या ब्रँचची एकही बॅच अजून बाहेर पडलेली नाही. जाहिरातीत आहे ते 'सर्वोच्च पॅकेज', एका मुलाचं. बाकीच्यांचं काय झालं, ते विचारायला कुणी फोन करणार असेल तर मला सांगा, मीच करते.

सांगलीतल्या विश्रामबागच्या वालचंद कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स तुम्ही पहिल्या नंबरला लिहिलंय. कॉलेज १९४७ चं, नाव मोठं, घरापासून सिटी बसने जाण्यासारखं. मला तुमचं मन कळतं. पण छोटीला सर्किटचा कंटाळा आहे. बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला तिने काय केलं ते आईला विचारा. चार वर्षं नावडतं शिकून शेवटी सॉफ्टवेअरमध्येच यायचं, तर हा वळसा कशाला?

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी हे पत्र. तक्त्याच्या तळाला कराडचं सरकारी कॉलेज आहे, १९६० चं. आयटी. फी खाजगीच्या मानाने कितीतरी कमी. छोटीच्या ९६.८ पर्सेंटाइलला तुमच्याच आकड्यांप्रमाणे काठावर बसतं. त्या ओळीवर लाल रेघ मारून समासात एकच शब्द लिहिलाय: 'हॉस्टेल'.

तो शब्द मी ओळखते बाबा. १९९८ साली बारावीच्या मार्कांवर मला लांबचं कॉम्प्युटर मिळत होतं. तेव्हाही लाल पेनच होतं. मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी केलं, मग एमसीए. चांगलं झालं सगळं, आज मी कमी पगार घेत नाही. तक्रार नाही असं लिहिणार होते, पण थोडी आहे. पहिली पाच-सहा वर्षं प्रत्येक मुलाखतीत "बीई नाही का?" ऐकलं. त्याहून जास्त म्हणजे, बरोबरीच्या मुली रात्री दोन वाजता लॅबमध्ये एकत्र डोकं फोडत शिकल्या, आणि मी सातच्या आत घरात. पैशांची अडचण होती, मला माहीत आहे. ती आज नाही.

कराड तर आपल्याच लाइनवर आहे. पुण्याची कराडला थांबणारी गाडी धरा.

फॉर्मबद्दल थोडं. बारावी मिरजेत झाल्यामुळे शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत तिला होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच भागातल्या मुलांसाठीच्या, जागांचा फायदा आहे. पर्याय आवडीच्या क्रमाने लिहायचे, मिळण्याच्या शक्यतेने नाही. वालचंदचं कॉम्प्युटर मिळणार नाही म्हणून सोडू नका. वर लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. फक्त पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून एक नंबरला नको असलेलं काही ठेवू नका. मुलींच्या फी माफीचं काकू म्हणतात ते खरं आहे, २०२४ पासून, पण ते ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीसाठी आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. दादाच्या पगारात आपण बसत नाही.

एआय सगळं लिहून देतंय मग हिने शिकून काय, हे आईने विचारलं होतं. आई, माझ्या टीममध्येही ते रोज लिहितं. बरंच बरोबर, कधीकधी आत्मविश्वासाने चूक. ती चूक पकडणारं माणूस लागतं. त्याला त्या कुलपाचं गणित यावं लागतं.

मी शनिवारी सकाळपर्यंत मिरजेत पोचते. फॉर्म कन्फर्म करू नका, ओटीपी आला तरी कुणाला सांगू नका. छोटीला तिचा क्रम स्वतः लिहू दे, तुमच्या तक्त्याशेजारी कोरा कागद द्या. मी आल्यावर तिघांनी मिळून बघू. समासातला शब्द मात्र मी खोडणार नाही. लाल पेन तुमचं आहे.

तुमची,
ताई

ता. क. आई, बीपीची गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नाही. छोटीने डब्यावर लिहून ठेवलंय ते पुसू नकोस.