इंग्लंडला येणाऱ्या पालकांसाठी: मुलांच्या शाळेबद्दल

मंडळी, यंदा मुलांना घेऊन इंग्लंडला येणाऱ्यांनी हे आत्ताच वाचा. इथली सरकारी शाळा मोफत आहे, डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांनाही मिळते. पण बहुतेक ठिकाणी पत्त्याचा पुरावा दिल्याशिवाय प्रवेशाचं काम पुढे सरकत नाही. आमची धाकटी सात आठवडे घरी बसली. रोज सकाळी खिडकीत उभी राहून शाळेत जाणारी मुलं बघायची. म्हणून भाडेकरार करण्याआधी जवळच्या शाळांना फोन करून तुमच्या मुलाच्या वर्गात जागा आहे का, हे विचाराच.

वर्ग ठरतो तो ३१ ऑगस्टला मूल किती वर्षांचं आहे यावर, मागच्या निकालावर नाही. पुढच्या सप्टेंबरसाठी इयर सेव्हनच्या (माध्यमिक शाळेचा पहिला वर्ग) अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर, रिसेप्शनची (प्राथमिक शाळेचा पहिला वर्ग) १५ जानेवारी.

मूल १४-१५ वर्षांचं असेल तर नीट विचार करा. इयर टेन आणि इलेव्हन मिळून जीसीएसईचा, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेचा, अभ्यास चालतो. मध्येच आलेल्या मुलाची फार ओढाताण होते.

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेतच ठेवा. काही अडलं तर ग्रुपवर लिहा, अगदी रात्री-अपरात्रीही.