चढावर भाषण करता येत नाही

महोदय,

'मराठी वाचक गेला कुठे?' असा सवाल गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांनी केला होता. सगळ्यांचा ठावठिकाणा मला सांगता येणार नाही. त्यातले अकरा जण मात्र रविवारी सकाळी सव्वासहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर असतात. त्यातली मी एक.

बँकेतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. मैदानाला घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या मारायचा मला मनस्वी कंटाळा. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याबरोबर टेकडीवर चला, फक्त महिन्याला एक कादंबरी वाचावी लागेल." मला वाटलं, भिशीसारखंच काहीतरी असेल, चार दिवसांत मोडेल. याला आता दोन वर्षं होतील.

पद्धत अगदी साधी आहे. कादंबरी जुनी हवी, निदान पन्नास वर्षांपूर्वीची. महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरते, शेवटच्या रविवारी त्यावर बोलायचं. मधल्या रविवारी नुसतं चालायचं, पण कोणी कुठवर वाचलंय हे आपोआप कळतंच. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूनं चढायचं, खाणीपाशी थांबायचं, पुढे वेताळबाबाच्या देवळापर्यंत जाऊन परत. आमची पायवाट दोन माणसं शेजारी चालतील एवढीच आहे, त्यामुळे बोलणं जोडीजोडीनं. खाणीपाशी जोड्या बदलायच्या. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत. एकदा एक निवृत्त प्राध्यापक टिपणं काढून आले होते. पहिल्या चढालाच त्यांना धाप लागली आणि टिपणं खिशात गेली. चढावर भाषण करता येत नाही, हा आमच्या मंडळाचा सगळ्यात मोठा गुण आहे. प्राध्यापक आता नियमित येतात, आणि टिपणांशिवाय फार छान बोलतात.

पहिली कादंबरी माझ्या वाट्याला आली ती 'पण लक्षात कोण घेतो?'. कॉलेजात ती मी गाईडातून 'केली' होती, म्हणजे वाचली नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी ती 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. करमणूक निघालं १८९० साली. हप्त्याहप्त्यानं लिहिलेली गोष्ट आम्हीही रविवारच्या रविवारी हप्त्यानंच वाचली, आणि ती तशीच वाचायला हवी असं माझं मत झालं. एका दमात वाचली तर रडगाणं वाटते. नायिका यमूचं मुंबईतलं सुख आठवडाभर मनात राहू दिलं, की पुढचं सगळं जिव्हारी लागतं.

यमूच्या केशवपनाच्या प्रकरणावर बोलायचं होतं त्या दिवशी माझी जोडी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंशी लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, तरी माझ्यापेक्षा झपझप चालतात. कादंबरीतल्या शंकरमामंजींवर सगळे तोंडसुख घेत होते, त्या गप्प होत्या. देवळाच्या अलीकडे, पायाखालच्या दगडांकडे बघत एकदम म्हणाल्या, "आमच्या घरात होती हो एक. आजोबांची बहीण. आलवण नेसायची. न्हावी मागच्या दारानं यायचा, तेव्हा आम्हा पोरांना पुढच्या खोलीत घालून कडी लावायचे. मी एकदा फटीतून बघितलं. तिचा हात नुसता जमिनीवरून फिरत होता, काहीतरी सांडलेलं गोळा करावं तसा." पुढे बराच वेळ आम्ही नुसत्याच चाललो. घरी कोणाला सांगितलंत का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, कोणी विचारलंच नाही. खुर्च्या मांडून, समोरासमोर बसून त्यांनी हे सांगितलं असतं असं मला वाटत नाही. चालताना माणूस माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, वाटेकडे बघतो.

सगळंच असं गंभीर नसतं. नेमाड्यांच्या 'कोसला'च्या महिन्यात आमच्यातला आयटीतला मुलगा त्या कादंबरीच्या नायकासारखा दर वाक्याला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून बोलत होता. शेवटी प्राध्यापक वैतागून म्हणाले, अरे उदाहरणार्थ आता पुरे वगैरे! पण नायकाची धाकटी बहीण मनी देवीनं जाते तिथवर तो मुलगा पोचला, आणि त्या रविवारी तो शिळेवर बसून नुसता बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला. त्यालाही धाकटी बहीण आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. १९६३ सालचं पुस्तक, मुलगा चोवीस वर्षांचा. तरुण पिढी वाचत नाही म्हणणाऱ्या पत्रलेखकांना त्याच्याशी गाठ घालून द्यायला मी तयार आहे.

'बनगरवाडी' तर जणू चालणाऱ्यांसाठीच लिहिलेली. सुरुवातच नव्या मास्तरच्या पायपिटीनं होते. शेवटी दुष्काळात गाव मेंढरं घेऊन निघून जातं, ते बोलणं झालं ऐन मे महिन्यात. टेकडीवरची गिरिपुष्पाची झाडं खराट्यासारखी झाली होती, निराळं वर्णन कोणाला करावं लागलं नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग'च्या वेळी आमच्यातले अमरावतीकडचे निवृत्त एसटी वाहक कामाला आले. एरवी अबोल माणूस. खाणीच्या कडेला उभं राहून त्यांनी नायिका कौतिकची वऱ्हाडी बोली वाचून दाखवली, तेव्हा कळलं की आम्ही पुणेकर आतापर्यंत ती मनातल्या मनात चुकीच्या हेलात वाचत होतो. ('ययाती' मात्र दोनदा मतदानात पडली. खांडेकरप्रेमींनी राग मानू नये, तिसऱ्यांदा मीच सुचवणार आहे.)

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. वाचक आहेत, पुस्तकं नाहीत. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ची एकच प्रत, तीही बाइंडिंग करताना अशी कापलेली की कडेची अक्षरं शिवणीत गेलीत. दुसऱ्या ठिकाणी प्रत संदर्भ विभागात आहे, घरी मिळणार नाही. ग्रंथपाल बाई चांगल्या आहेत, नियमापुढे त्या तरी काय करणार? प्रत्येकानं विकत घ्यावं, हे बरोबर. पण जुन्या कादंबऱ्या दुकानात नेहमी असतातच असं नाही, आणि आमच्यात स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना महिन्याला एक कादंबरी घ्या असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

माझी सूचना अशी. वाचनालयांनी दरवर्षी दोनतीन जुन्या कादंबऱ्यांच्या दहा-दहा प्रतींचा संच घ्यावा आणि तो सबंध संच एखाद्या वाचकगटाला महिनाभर द्यावा. एकाच्या नावावर, एका अनामत रकमेवर. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून निरनिराळ्या पुस्तकांच्या पेट्या गावोगाव, अगदी परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोचवल्या. ती पेटी होऊ शकते, तर एकाच पुस्तकाची पेटी का होऊ नये? सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अ, ब, क, ड वर्गांच्या वाचनालयांनी आपसात ठरवलं तर एकच संच वर्षभर फिरेल, प्रत्येकाला वेगळा खर्चही नको.

प्रकाशकांनाही एक विनंती. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली. त्यांच्या कादंबऱ्या छापायला कोणाची परवानगी लागत नाही. मग जरा मोठ्या टायपात, पिशवीत मावतील अशा, दोन-तीन भागांत का काढू नयेत? 'पण लक्षात कोण घेतो?' घेऊन टेकडी चढून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

टेकडीवरून रस्ता काढण्याबद्दलही लिहायचं होतं, पण ते पत्र निराळं.

या महिन्यात 'रणांगण' आहे. अकरा जणांत दोन प्रती. मुलगा त्याची प्रत ऑफिसच्या बसमध्ये वाचतो, शनिवारी ताईंना देतो. दुसरी, शिवणीत अक्षरं गेलेली, सध्या माझ्याकडे आहे. कादंबरीतली बोट मुंबईला लागायला अजून चाळीस पानं आहेत आणि बुधवारी सकाळी ती खालच्या मजल्यावर द्यायची आहे, म्हणून इथेच थांबते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे